धर्म सोडला कीं नाहीं, हें कोणीं ठरवावें ?

या आठवड्याच्या पाठासाठीं योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचा शेवटचा भाग घरीं वाचून यावा. कफर्णहूम येथें प्रभूनें जीवनाच्या भाकरीविषयीं शिक्षण दिलें, तें पुष्कळांस कठीण वाटलें, व त्याच्या शिष्यांपैकीं बरेच जण माघारे गेले. तेथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जे गेले त्यांच्यामागें प्रभूनें कोणास धाडलें नाहीं, त्यांस शाप दिला नाहीं, त्यांच्या बायकामुलांना त्यांच्यापासून तोडण्याचा हुकूम केला नाहीं. उलट जे बारा उरले होते, त्यांनाही जावयाचें आहे काय, असें त्यानें विचारलें. दार उघडें होतें, आणि तें उघडें आहे हें त्यानें स्वतःच दाखविलें. हा उतारा मनांत ठेवून आपण आज आपल्या मुसलमान शेजाऱ्यांविषयींच्या एका नाजूक प्रश्नाकडे वळूं.

हातांतल्या मोबाईलवरून हल्लीं दूरदेशच्या वार्ता आमच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोंचतात. अमक्या देशांत मुसलमान आपला धर्म सोडीत आहेत, तमक्यानें आपल्या धर्मगुरूंविरुद्ध उघड भाषण केलें, असें कोणी दाखवितो, आणि आमच्यांतले कांहीं बंधु आनंदानें माना डोलवितात. त्या आनंदांत तथ्य किती, हें पाहिलें पाहिजे. जर्मनींत व इंग्लंडांत २००७ सालीं माजी मुसलमानांच्या संस्था उघडपणें निघाल्या हें खरें. परंतु त्या निधर्मी विचाराच्या लोकांनीं काढल्या. कुंपणाबाहेर पडलेलें प्रत्येक मेंढरूं आपल्याच वाड्याकडे येत आहे असें समजणें भाबडेपणाचें होईल. शिवाय ज्यांना लोक ‘धर्म सोडलेले’ म्हणतात त्या सर्वांनीं धर्म सोडलेला असतोच असें नाहीं. कोणी खरोखरच सोडून जातो. कोणी आंत राहून चालू रीतींस विरोध करितो. आणि कोणी असा असतो कीं, तो आपणांस मुसलमानच म्हणवितो, पण इतरांनीं त्याला बाहेरचा ठरविलेलें असतें. या तिसऱ्या प्रकारच्या माणसाचे हाल सर्वांत विचित्र.

इस्लामी धर्मशास्त्रांत धर्म सोडण्यास ‘इर्तिदाद’ व सोडणाऱ्यास ‘मुर्तद’ म्हणतात. कुराणांत अशा मनुष्याला परलोकीं शिक्षा होईल असें आहे, परंतु इहलोकींचा कांहीं दंड नेमून दिलेला नाहीं. धर्माच्या बाबतींत बळजबरी नाहीं या अर्थाचें वचनही त्याच ग्रंथांत आहे. मरणाची शिक्षा हदीसच्या आधारें सुन्नी पंथाच्या चारही प्रमुख शाखांच्या जुन्या शास्त्र्यांनीं पुरुषांसाठीं सांगितली. आपल्या देशांत ज्या हनफी शाखेचे मुसलमान अधिक आहेत, त्या शाखेनें स्त्रीला मृत्युदंड न सांगतां परत येईपर्यंत कैद सांगितली. ही शिक्षा मूळची युद्धकाळांतील फितुरीबद्दल होती, नुसत्या मतांतराबद्दल नव्हती, असें अनेक आधुनिक मुसलमान पंडित प्रतिपादन करितात. तो वाद त्यांचा आहे, व त्यांत आपण पंच म्हणून बसण्याचें कारण नाहीं. आपल्याला आज पाहावयाचा आहे तो जुन्या शास्त्रांतील दुसरा नियम. पतिपत्नींपैकीं एकानें धर्म सोडला म्हणजे त्यांचा विवाह तुटतो, असा तो नियम. एकाच नियमानें एके ठिकाणीं कोंडलेल्या स्त्रियांना पळवाट दिली, आणि दुसऱ्या ठिकाणीं सुखानें नांदणारें घर मोडावयास हत्यार दिलें.

पहिली हकीकत आपल्याच देशांतील. इंग्रजी अमलांत हनफी शास्त्राप्रमाणें चालणाऱ्या मुसलमान स्त्रीला न्यायालयांतून काडीमोड मिळणें जवळजवळ अशक्य होतें. नवरा परागंदा झाला तर त्याच्या बरोबरीच्या वयाचीं माणसें मरून जाण्याइतका काळ तिनें वाट पाहावी, असा जुना दंडक होता. नवरा अन्नवस्त्र देत नाहीं, मारझोड करितो, टाकून देऊन दुसरी बायको घेऊन बसला आहे, या कारणांनींही तिची सुटका होत नसे. परंतु धर्म सोडला तर विवाह तुटतो हें इंग्रजी न्यायालयें मान्य करीत. आणि धर्म सोडणाऱ्या स्त्रीला कैदेंत ठेवण्याचा शास्त्राचा दुसरा भाग मात्र सरकार अमलांत आणीत नसे. अर्धा नियम चालू व अर्धा बंद, अशी स्थिति झाली. तेव्हां पंजाबांत कित्येक गांजलेल्या स्त्रियांनीं हीच वाट धरली. कोणी आपण ख्रिस्ती झालों असें सांगितलें, कोणी इस्लाम सोडला इतकेंच न्यायालयांत जाहीर केलें. कवि व तत्त्वज्ञ सर महंमद इक्बाल यांनीं आपल्या व्याख्यानांत (तीं १९३० सालीं लाहोर येथें ग्रंथरूपानें निघालीं) या दुःखद गोष्टीकडे बोट दाखवून, जें शास्त्र धर्माच्या रक्षणासाठीं आहे त्यानेंच स्त्रियांना धर्माबाहेर ढकलावें काय, अशा अर्थाचा प्रश्न आपल्या लोकांपुढें ठेविला.

वाचकहो, येथें आपण घटकाभर थांबावें. ज्या स्त्रीनें नवऱ्याच्या छळांतून सुटण्यासाठीं बाप्तिस्मा मागितला तिला ख्रिस्त पाहिजे होता काय ? एखादीला पुढें तो सांपडलाही असेल, देवाचे मार्ग आपण मोजूं शकत नाहीं. परंतु त्या घटकेला तिला पाहिजे होता तो एक कागद. अशा बाप्तिस्म्याचा आंकडा ज्या कोणीं वार्षिक अहवालांत आनंदानें मांडला असेल, त्यानें त्या बाईचेंही हित केलें नाहीं व मंडळीचेंही नाहीं. आंकड्यांची हांव हा आपल्याकडला जुना रोग आहे, आणि तो केवळ मोठ्या मिशनऱ्यांनाच होतो असें नव्हे.

मुसलमान पंडितांनीं यावर काय केलें, तें आपल्याला शिकण्यासारखें आहे. उत्तर हिंदुस्थानांतील थाना भवन येथील मौलाना अश्रफ अली थानवी हे जुन्या वळणाचे, मोठ्या अधिकाराचे आलीम होते. त्यांनीं या स्त्रियांना केवळ दूषणें देऊन हात झटकले नाहींत. मालिकी नांवाच्या दुसऱ्या शाखेंत स्त्रीला सुटकेचीं कारणें अधिक मिळतात. परागंदा नवऱ्यासाठीं तेथें चार वर्षांची मुदत आहे. त्या शाखेच्या पंडितांचे अभिप्राय मागवून, अडचणींत हनफी लोकांनींही त्या मताचा आश्रय करावा, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. त्याचबरोबर, नुसत्या धर्मत्यागानें स्त्रीचा विवाह तुटतो हें मत सोडून द्यावें, असेंही सांगितलें. पुढें महंमद अहमद काझमी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयक आणलें, आणि १७ मार्च १९३९ पासून मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम अमलांत आला. नवऱ्याचा चार वर्षें ठावठिकाणा नसणें, दोन वर्षें अन्नवस्त्र न देणें, त्याला सात वर्षांची कैद होणें, क्रूरपणानें वागविणें, अशा कारणांनीं स्त्रीला न्यायालयाकडून विवाह तोडून मागतां येऊं लागला. आणि चौथ्या कलमानें, विवाहित मुसलमान स्त्रीनें धर्म सोडला एवढ्यानेंच तिचा विवाह तुटणार नाहीं, असें ठरलें. (मूळची दुसऱ्या धर्माची असून मुसलमान झालेली स्त्री आपल्या पूर्वधर्मांत परत गेली, तर तिला हें कलम लागूं नाहीं.) हे दावे मुसलमान न्यायाधीशापुढेंच चालावेत अशी उलेमांची मागणी होती, ती मात्र मान्य झाली नाहीं, म्हणून त्यांच्यापैकीं कित्येक नाराज राहिले. आम्हांस यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, खरें दार उघडतांच खोट्या दाराची गरज उरली नाहीं.

आतां इजिप्त देशाकडे चलूं. तेथील टांटा शहराजवळच्या एका खेड्यांत १९४३ सालीं नस्र हमीद अबू झैद यांचा जन्म झाला. लहानपणींच त्यांनीं कुराण पाठ केलें. घरची गरिबी, म्हणून आधीं तंत्रशिक्षण घेऊन दळणवळणाच्या खात्यांत नोकरी केली, आणि मग वयानें मोठे झाल्यावर कैरो विश्वविद्यालयांत शिकून अरबी भाषेचे अध्यापक झाले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : कुराण हें ईश्वराचें वचन आहे, परंतु तें माणसांच्या भाषेंत, सातव्या शतकांतील अरबस्थानांतील लोकांशीं बोलत आलें, म्हणून त्याचा अर्थ लावतांना त्या भाषेचा व त्या काळाचा अभ्यास केला पाहिजे. १९९२ सालीं त्यांनीं प्राध्यापकाच्या पदासाठीं अर्ज केला. त्यांचें लिखाण तपासणाऱ्या समितींतील एका सभासदानें विरुद्ध मत दिलें, आणि वर्ष उलटण्याच्या सुमारास हा वाद विद्यापीठांतून मशिदींत गेला. शुक्रवारच्या प्रवचनांत त्यांना धर्मभ्रष्ट म्हटलें गेलें.

इजिप्तच्या दंडविधानांत धर्म सोडणें हा गुन्हा नाहीं. मग त्यांच्या विरोधकांनीं एक आडवाट काढली. कुटुंबविषयक बाबतींत तेथें जुनें धर्मशास्त्र चालतें, आणि धर्मरक्षणासाठीं कोणाही मुसलमानास दावा लावतां येतो, या रिवाजाला ‘हिस्बा’ म्हणतात. त्याच्या आधारें कांहीं वकिलांनीं १९९३ सालीं अर्ज केला कीं, अबू झैद हे मुर्तद आहेत, आणि मुसलमान स्त्री मुर्तदाची बायको राहूं शकत नाहीं, सबब त्यांस त्यांच्या पत्नीपासून विभक्त करावें. पत्नी इब्तिहाल युनिस या त्याच विश्वविद्यालयांत फ्रेंच वाङ्मयाच्या अध्यापिका. त्यांची कांहीं तक्रार नव्हती. उलट त्या नवऱ्याच्या बाजूनें ठाम उभ्या राहिल्या. पहिल्या न्यायालयानें, वादींचा या विवाहाशीं कांहीं संबंध नाहीं म्हणून, १९९४ च्या जानेवारींत दावा काढून टाकला. परंतु १४ जून १९९५ रोजीं कैरोच्या अपील न्यायालयानें तो निकाल फिरवून त्यांना धर्मभ्रष्ट ठरविलें व विवाह रद्द केला. ५ ऑगस्ट १९९६ रोजीं सर्वोच्च अपील न्यायालयानेंही तेंच कायम केलें. ज्या साली न्यायालयानें त्यांना धर्माबाहेर काढलें, त्याच साली विश्वविद्यालयानें त्यांना प्राध्यापकपद दिलें, ही गंमत म्हणावी कीं काय ! धर्माच्या नांवानें राजकारण करणाऱ्या इस्लामवाद्यांवर टीका करणारे लेखक फरग फौदा यांचा ८ जून १९९२ रोजीं कैरोंत खून झाला होता, त्यामुळें ‘मुर्तद’ हा शिक्का म्हणजे काय हें सर्वांना ठाऊक होतें. जुलै १९९५ मध्यें हें जोडपें देश सोडून गेलें, आणि हॉलंडांतील लायडन येथें अबू झैद यांनीं पुढें अध्यापन केलें. शेवटपर्यंत ते आपणांस मुसलमानच म्हणवीत. ५ जुलै २०१० रोजीं कैरोंत त्यांचें देहावसान झालें, आणि ज्या खेड्यांत जन्म झाला तेथेंच त्यांना मूठमाती मिळाली. खटल्याचा बोभाटा झाल्यावर १९९६ सालीं इजिप्त सरकारनें कायदा करून असे दावे लावण्याचा अधिकार खाजगी माणसांकडून काढून सरकारी वकिलांकडे दिला.

पंजाबांतील स्त्री म्हणत होती, मी धर्म सोडला. आणि कदाचित् तिनें तो मनांतून सोडलेला नव्हता. कैरोंतील अध्यापक म्हणत होता, मीं सोडला नाहीं. आणि न्यायाधीश म्हणाले, तूं सोडलास. दोन्ही ठिकाणीं मनुष्याच्या अंतःकरणांत काय आहे हें कागदावरून ठरवावें लागलें. जेथें श्रद्धेवर घर, जमीन, बायको, नवरा, मुलें हीं टांगलेलीं असतात, तेथें श्रद्धेविषयीं खरें बोलणें माणसाला परवडेनासें होतें.

हीं दुसऱ्यांचीं उणीं आहेत असें समजून आपण सुखानें झोंपूं नये. ग्रंथाचा अर्थ भाषेच्या व काळाच्या आधारें लावावा असें म्हणणाऱ्याची चौकशी आपल्या घरांतही झालेली आहे. डॉ. जॉन विल्सन ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मुंबईंतील मिशनरी होते, त्याच चर्चनें प्रो. विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांना जुन्या करारावरील त्यांच्या लेखांबद्दल १८८१ सालीं ॲबर्डीन येथील अध्यापकपदावरून दूर केलें. त्यांची जागा गेली. जीव, घर व देश गेले नाहींत, आणि पुढें केंब्रिजनें त्यांना आसरा दिला. इतका फरक पडला, तो आधींच्या तीन शतकांत पुष्कळ रक्त सांडल्यावर पडला. जिनीव्हा शहरांत, कॅल्विनच्या काळांत, २७ ऑक्टोबर १५५३ रोजीं मायकेल सर्व्हीटस यास पाखंडी म्हणून जिवंत जाळलें, आणि तें रोमन लोकांनीं नव्हे, आमच्याच प्रॉटेस्टंट पूर्वजांनीं. त्याविरुद्ध दुसऱ्याच वर्षीं ग्रंथ लिहिणारा सेबास्टियन कॅस्टेलिओ हाही प्रॉटेस्टंटच होता, हें आपलें भाग्य. गोव्यांतील इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत चाललें, मध्यें थोडीं वर्षें खंड पडला इतकेंच. नांवाचे ख्रिस्ती झालेले लोक घरांत जुन्या चाली पाळतात कीं काय, हें तेथें शेजाऱ्यांच्या साक्षीवरून ठरे.

सुदान देशांतील हकीकत याहून कठोर आहे. महमूद महंमद ताहा नांवाचे एक वृद्ध इंजिनियर व धर्मशिक्षक तेथें होते. मक्केंत प्रगट झालेला कुराणाचा भाग हाच सर्वकाळासाठीं मूळ संदेश होय, असें ते शिकवीत. १९८३ सालीं अध्यक्ष निमेरी यांनीं शरियतच्या नांवानें हातपाय तोडण्याच्या शिक्षा चालू केल्या, तेव्हां ताहा यांनीं त्याविरुद्ध पत्रक काढलें. त्या पत्रकाची तारीख होती २५ डिसेंबर १९८४. चार अनुयायांसह त्यांना पकडलें. अनुयायांनीं आपलें मत सोडून दिल्याचें जाहीर केलें व ते वांचले. ताहा यांना १८ जानेवारी १९८५ रोजीं खार्तूमच्या तुरुंगांत फांशीं दिलें. तिसऱ्या महिन्यांत निमेरींची सत्ता कोसळली, आणि १९८६ सालीं त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ताहांवरील निकाल रद्दबातल ठरविला. मेलेल्या मनुष्यास त्याचा काय उपयोग ! पुढें १९९१ च्या दंडविधानांत धर्मत्यागास मरणाची शिक्षा लिहिली गेली, ती २०२० सालीं काढून टाकण्यांत आली.

जे खरोखरच आपल्या प्रभूकडे आले त्यांचाही विसर पडूं नये. मलेशियांत १९९८ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या लीना जॉय यांना एका ख्रिस्ती गृहस्थाशीं लग्न करावयाचें होतें, म्हणून ओळखपत्रावरील ‘इस्लाम’ हा शब्द काढून मिळावा असें त्यांनीं मागितलें. ३० मे २००७ रोजीं तेथील संघीय न्यायालयानें, तिघांपैकीं दोघांच्या मतानें, तें नाकारलें. अफगाणिस्थानांत अब्दुल रहमान यांना २००६ सालीं पकडलें, तें मुलींच्या ताब्याविषयींच्या घरगुती तंट्यांतून त्यांचें ख्रिस्तीपण उघड झाल्यावर. जगभर ओरड झाली तेव्हां त्यांना सोडलें, आणि इटलीनें आश्रय दिला. येथेंही विवाह व मुलें यांच्याच गांठीला दोरी बांधलेली दिसते.

आपल्या महाराष्ट्रांत हमीद दलवाई होऊन गेले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हे मराठी लेखक. १८ एप्रिल १९६६ रोजीं त्यांनीं सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईंत विधानभवनावर नेला, आणि तोंडी तलाक बंद करा असें मागितलें. सातच, परंतु त्या आल्या. १९७० सालीं पुण्यांत त्यांनीं मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. त्यांची ईश्वरावर श्रद्धा नव्हती व तें ते लपवीत नसत, तरी आपला समाज सोडून जाण्यास ते तयार नव्हते. ३ मे १९७७ रोजीं ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें कोणताही धर्मविधि न करितां दहन झालें. त्यांच्याशीं आमचा मोठा मतभेद आहे, कारण आमची श्रद्धा जिवंत देवावर आहे. परंतु एका दमांत तीनदां तलाक म्हणण्याची रीत सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं रद्द ठरविली तेव्हां त्या सात जणींची आठवण न होणें कृतघ्नपणाचें झालें असतें.

आतां उपदेशक बंधूंसाठीं कांहीं कामाच्या गोष्टी. आपल्यांतील पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांना धर्म बदलल्याबद्दल विहिरीचें पाणी तुटलें, हिस्सा नाकारला गेला, घरची बायको माहेरीं ओढून नेली गेली. धर्म बदलल्यानें वारसा बुडूं नये म्हणून १८५० सालीं, आणि ख्रिस्ती झालेल्याला जोडीदारानें टाकलें तर त्याची वाट मोकळी व्हावी म्हणून १८६६ सालीं, सरकारला कायदे करावे लागले, ते आपल्यासारख्यांच्याच दुःखांतून. ज्यांनीं तें सोसलें त्यांच्या नातवंडांनीं, कोणी मंडळी सोडून गेला तर त्याच्या घरची सोयरीक मोडावी, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या मयतीला जाऊं नये, हें शोभत नाहीं. आणि असें घडतें हें आपण जाणतों. गेलेल्याचें नांव पटावरून काढावें लागेल, तें पाळकांनीं व पंचांनीं काढावें. पण रामराम, सलाम बंद करूं नये.

मुसलमान शेजारी आपल्या मौलवींच्या एखाद्या रीतीविरुद्ध तुमच्यापाशीं बोलला, तर तो ख्रिस्ती होऊं पाहतो असा तर्क करूं नये, आणि चार माणसांत तर त्याचा उच्चारही करूं नये. तुमच्या एका वाक्यानें त्याच्या घरांत आग लागेल. तो खरा मुसलमान राहून आपलें घर झाडूं पाहत असेल. त्याला तें करूं द्यावें. प्रभूविषयीं विचारील तर सरळ सांगावें, आणि त्याच्या पैगंबरांची निंदा करून आपल्या शुभवर्तमानाला उठाव आणण्याचा यत्न करूं नये.

आणि एखादी गांजलेली मुसलमान भगिनी बाप्तिस्मा मागावयास आली, व बोलतां बोलतां नवऱ्याच्या जाचाची कथा निघाली, तर उपदेशकानें आधीं आपल्या पत्नीला तिच्याजवळ बसवावें आणि सर्व ऐकून घ्यावें. धर्म सोडल्यानें तुझा विवाह आपोआप तुटणार नाहीं, हें तिला त्याच दिवशीं स्पष्ट सांगावें, नाहींतर ती भलत्याच आशेवर राहील. १९३९ च्या कायद्यानें मुसलमान राहूनच तिला न्यायालयांत दाद मागतां येते. तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समिति असते, तेथें स्त्रियांना वकील फुकट मिळतो. अर्ज लिहितां येत नसेल तर लिहून द्यावा, आणि तिच्या माहेरचें कोणी बरोबर असेल असें पाहावें. दावा चालू आहे तोंपर्यंत बाप्तिस्म्याची गोष्ट काढूं नये. निकाल लागल्यावर, कोणत्याही बाजूनें लागो, ती पुन्हां आली तर इतर कोणाही जिज्ञासूप्रमाणें तिला पहिल्या पाठापासून शिकविण्यास बसावें.